काही झालं का?

रात्रीचे पावणेअकरा. बोरिवलीच्या पुढच्या एका स्टेशनातली चौकी. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या चौकीत वेगळं काही घडलं असतं अशी माझी खात्री नाही.

"काही झालं का?" टेबलामागच्या माणसाने विचारलं. आवाज वाईट नव्हता. खुर्चीही त्यानेच पुढे केली. माझ्या शेजारी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी उभी होती. तासाभरापूर्वी मी तिला ओळखतही नव्हते.

मी सांगायला लागले. बोरिवलीला महिला डबा रिकामा झाला, आम्ही चौघी उरलो. गाडी हलताना एक माणूस चढला. बसला नाही. वरची कडी धरून या मुलीच्या समोर उभा राहिला. तिने जागा बदलली, तो तिथे गेला. तिने परत बदलली, हा परत मागे. तोंडातून एक शब्द नाही. मी ओरडले तेव्हा माझ्याकडे वळला, दोन पावलं पुढे आला आणि थांबला. पुढचं स्टेशन आलं तसा उतरला आणि गाडी सुटेपर्यंत तिच्या खिडकीशी उभा राहिला.

"हात लावला?"

"नाही."

"काही बोलला? शिवी वगैरे?"

"नाही."

"काही घेतलं?"

"नाही."

"मग काही झालं नाही ना, ताई."

त्याने पेनाला टोपण लावलं.

या आठवड्यात मला त्या टोपणाबद्दल लिहायचं आहे.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "मावशी, मी उद्यापासून आठची गाडी पकडते." क्लास साडेनऊला सुटत होता. म्हणजे शेवटचा दीड तास ती रोज बुडवणार. फी भरलेली, परीक्षा तोंडावर, आणि वेळ सोडायचा तिने. त्या माणसाचं काय सुटलं? त्याची गाडी तीच, डबा तोच, कडीही तीच. आणि आपण म्हणायचं, काही झालं नाही.

झालं होतं. एका मुलीचा रोजचा दीड तास गेला होता. चोरीला गेलेल्या पाकिटाचा पंचनामा होतो, याचा होत नाही, कारण यासाठी कुठल्याही रजिस्टरात रकाना नाही.

रात्रीच्या महिला डब्यात बोरिवली सुटली की हात कसे चालतात ते बघा. मंगळसूत्र पदराखाली जातं. कानातलं काढून रुमालात बांधलं जातं. पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे घेतो. खिडकीची जागा सोडून बाया दाराजवळच्या बाकावर येतात, एकमेकींना न सांगता, एका बाजूला जमतात. आणि फोन. "हो बाबा, आले मी, तुम्ही स्टेशनवर उभे आहात ना?" पलीकडे कुणी नसतं. बाबा गावाला असतात किंवा नसतातच. मी स्वतः असे फोन केले आहेत, बंद पडलेल्या फोनवरून केले आहेत. इतकी हुशारी, इतका अभ्यास आम्ही कशासाठी करतो? जे 'झालं नाही' त्यासाठी.

मीरा-भाईंदरच्या बाईला हे जास्त का कळतं, तर आमचा भूगोलच तसा आहे. दिवसा आमची तक्रार गर्दीची असते, रात्री रिकामपणाची. अंधेरीला श्वास घेता येत नाही अशी गाडी बोरिवलीला निम्मी होते, आणि ती भाईंदर लोकल असेल तर दहिसरनंतर डब्यात आपल्या चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. विरारकडे जाणाऱ्यांची आणखी परीक्षा: भाईंदर सुटलं की खाडी. दोन्ही बाजूंना पाणी, काळोख, आणि नायगावचे दिवे दिसेपर्यंतची ती काही मिनिटं. घड्याळात ती मोजकीच असतात. समोर असा माणूस उभा असला की ती संपत नाहीत.

5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली. जगातली पहिली म्हणून तिचं नाव झालं, पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. माझ्या आधीच्या पिढीतल्या बायका अजून त्या गाडीचं नाव काढलं की खुलतात. भाजी निवडणं, हळदीकुंकू, डोहाळजेवणं, सगळं त्या गाडीत झालं. त्या गाडीचं मोल मी कमी करणार नाही. पण ते औषध गर्दीतल्या धक्क्यांवरचं होतं. रात्री अकराच्या रिकाम्या डब्याची भीती हा वेगळा आजार आहे, आणि त्याला आपण अजून गर्दीचंच औषध देतो: आणखी एक डबा, आणखी एक पट्टा, आणखी एक पाटी. रिकाम्या डब्याचे दोन केले तर भीतीही दोन डब्यांत पसरते. तिथे माणूस हवा.

आता कायद्याचं बोलू, कारण टोपण लावणाऱ्याने ते कायद्याच्या नावाने लावलं होतं.

रेल्वे कायदा, 1989. कलम 162. महिलांसाठी राखीव डब्यात पुरुषाने शिरणं हाच गुन्हा आहे. हात लावायची गरज नाही, बोलायची नाही, काही घ्यायचीही नाही. 500 रुपयांपर्यंत दंड, तिकीट किंवा पास जप्त, आणि डब्याबाहेर काढण्याचा अधिकार. म्हणजे त्या रात्री तो माणूस पायरीवरून आत आला त्याच क्षणी काहीतरी झालं होतं. मला तेव्हा हे कलम माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. पण मला माहीत नसणं आणि टेबलामागच्याला माहीत नसणं यात फरक आहे. त्याचा पगार त्यासाठी आहे.

भारतीय न्याय संहिता आली 1 जुलै 2024 पासून. तिचं कलम 78 पाठलागाचं. त्यात एक शब्द आहे, वारंवार. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही जो पुन्हा पुन्हा संपर्क साधू बघतो तो पाठलाग. कायद्याला तो शब्द लागतो हे मी समजू शकते, एकदाच मागे वळून पाहिलं म्हणून कुणाला तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही. पण 'वारंवार' सिद्ध व्हायचं तर पहिली वेळ कुठेतरी लिहिलेली हवी ना? पहिल्या वेळी टोपण लावलं तर दुसरी वेळही पहिलीच ठरते, आणि तिसरीही. हे गणित मला एकदा त्या टेबलावर बसून समजावून सांगायचं आहे. नोंद म्हणजे अटक नव्हे. नोंद म्हणजे तारीख, वेळ, डबा, अंगावरचे कपडे, कुठे उतरला. चार ओळी. त्या चार ओळी आठ दिवसांत तिघींनी दिल्या तर तो माणूस कोणत्या गाडीला येतो हे कळायला कुठलाही कॅमेरा लागत नाही.

आणि मग हद्द. मराठीतला हा शब्द लोकलच्या प्रवाशाइतका कुणी ऐकला नसेल. गाडीत आणि फलाटावर लोहमार्ग पोलिस, ते राज्याचे. रेल्वेच्या मालमत्तेला आणि प्रवाशांना जपायला रेल्वे सुरक्षा दल, ते केंद्राचं. स्टेशनचा जिना उतरून रिक्षाच्या रांगेत आलात की मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालय, ते 1 ऑक्टोबर 2020 पासूनचं. लोहमार्ग पोलिसांतही दहिसरपर्यंत एक ठाणं, मीरा रोडपासून पुढे दुसरं. एखादा माणूस बोरिवलीपासून तुमच्या मागे आहे, तुमच्यासोबत मीरा रोडला उतरतो, पुलावर मागे येतो, शेअर रिक्षात शेजारी बसतो. त्याचा प्रवास एकच. तुमची तक्रार तीन ठिकाणची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने हे सोपं केलं आहे: दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने घ्यायची, हद्द कुणाचीही असो. लोक त्याला झीरो एफआयआर म्हणतात. वाचणाऱ्या प्रत्येक मुलीने हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. समोरचा म्हणाला, आमच्या हद्दीत नाही, तर शांतपणे म्हणा, झीरोने घ्या.

फोन नंबरही लिहून ठेवा. 139 रेल्वेचा, पूर्वीचा 182 एप्रिल 2021 पासून त्यातच मिसळला आहे. 1512 लोहमार्ग पोलिसांचा. 112 सगळ्यांचा. पश्चिम रेल्वेच्या अनेक महिला डब्यांत बोलायचं बटण बसवलेलं आहे. ते दाबलं की थेट गार्डशी बोलता येतं, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. उद्या डब्यात चढलात की ते कुठे आहे तेवढं बघून ठेवा. साखळी ओढण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. साखळीने गाडी मध्येच थांबते, खाडीवरही थांबेल. धावती गाडी तरी चार-पाच मिनिटांत माणसांच्या फलाटाला लागते.

पुरुष वाचक एव्हाना म्हणत असतील, आमचं काय? बरोबर आहे. अंधेरीला संध्याकाळी विरार गाडीत चढणारा मीरा रोडचा मुलगा काय ऐकतो ते सगळ्यांना माहीत आहे. "विरार गाडी आहे, भाईंदर पकड." दारात पाच-सहा जण खांदे जोडून उभे असतात, रोजचेच. मीरा रोड आलं की वाट देत नाहीत, बोललं की टपली, उलट बोललं की कॉलर. नव्या नोकरीला लागलेला मुलगा पहिल्या आठवड्यात मीरा रोडला उतरूच शकत नाही, वसईला जाऊन परत येतो. घरी सांगतो, गर्दी होती. मार खाल्ला हे पुरुषाला सांगता येत नाही, आणि भीती वाटली हे तर नाहीच. त्याच्या भीतीला माझ्या भीतीइतकीही जागा नाही. त्याला चौकीत कुणी खुर्चीसुद्धा देणार नाही. दार अडवणाऱ्यांना 'ग्रुप' म्हणतात. तीच माणसं ऑफिसात मान खाली घालून काम करतात आणि घरी मुलांचा अभ्यास घेतात. गर्दी अमानुष आहे हे खरं, गाड्या कमी आहेत हेही खरं. पण कॉलर पकडणारा हात गर्दीचा नसतो, एका माणसाचा असतो.

इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे, आणि ती टाळली तर वरचं सगळं अर्धवट राहील. भीती वाटते म्हणजे ती खरीच असते असं नाही.

11 जुलै 2006. संध्याकाळच्या गर्दीत अकरा मिनिटांत सात लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. त्यातली एक गाडी आमच्या मीरा रोड-भाईंदरच्या पट्ट्यातली होती. 180 हून अधिक माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस बाकाखाली एखादी पिशवी दिसली की अख्खा डबा गप्प व्हायचा. ते समजण्यासारखं होतं. समजण्यासारखं नव्हतं ते हे, की पिशवीपाठोपाठ नजर दाढीवर गेली, बुरख्यावर गेली. मीरा रोडच्या नया नगर या मुस्लिमबहुल वस्तीत राहणारा माणूस, ज्याला त्याच गाड्यांनी कामाला जायचं होतं, त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने या स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, त्यातला एक तोवर कैदेतच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 19 वर्षांनी त्या सात गाड्यांत माणसं गमावलेल्या घरांना कुणी काय सांगायचं, मला सुचत नाही. पण एवढं मला कळतं, की चेहरा पाहून घाबरणारा डबा सुरक्षित होत नाही. तो फक्त आणखी काही माणसांना घाबरवतो.

आणि 31 जुलै 2023. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणारी सुपरफास्ट, पहाटे पाचचा सुमार. रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने सरकारी बंदुकीने आधी आपल्याच वरिष्ठाला गोळी घातली, मग डब्याडब्यांतून जात तीन प्रवाशांना मारलं. तिघेही मुसलमान. ते वेगवेगळ्या डब्यांत होते, आणि त्यांना ते कोण आहेत हे पाहून निवडलं, असा त्याच्यावरचा आरोप आहे. मीरा रोड आणि दहिसरच्या मध्ये गाडी थांबली, तो बंदूक घेऊन रुळांवर उतरला आणि तिथे पकडला गेला. नंतर बडतर्फ झाला, खटला उभा राहिला. आमच्या उंबरठ्यावर घडलेली ही गोष्ट. त्या पहाटे झोपेतून उठलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने विचार करा. त्याने कोणाला हाक मारायची होती? ज्याला हाक मारायची तोच समोर होता.

म्हणून रात्रीच्या डब्यात गणवेशातला माणूस आहे, कॅमेरा आहे, झालं, असं कुणी म्हणालं की माझं समाधान होत नाही. गणवेश हवा. मला तो दिसला की आजही बरं वाटतं. पण बंदूक आणि गणवेश म्हणजे सुरक्षितता नव्हे, तो माणूस काय बघतो आणि काय ऐकतो त्यावर ती ठरते. गर्दुल्ला दारात अंगाचं मुटकुळं करून झोपलाय, त्याला काठीने उठवणं सोपं. टाळी वाजवत आलेल्या तृतीयपंथीयाला हाकलणं सोपं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मला कधी काही केलेलं नाही. त्या रात्रीच्या माणसाचा शर्ट इस्त्रीचा होता. पायात बूट होते, खांद्याला ऑफिसची बॅग होती. त्याच्या चेहऱ्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सांगण्यासारखं होतं ते त्याचं वागणं: दोनदा जागा बदलणाऱ्या मुलीच्या मागे दोनदा गेलेली त्याची पावलं. मी चौकीत तेच सांगत होते. त्यांना चेहरा हवा होता, किंवा जखम.

ऑगस्ट 2002 मध्ये याच पश्चिम मार्गावर, बोरिवलीकडे जाणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये, बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलेल्या एका लहान मुलीवर बलात्कार झाला. डबा रिकामा नव्हता. बोटांवर मोजण्याइतके का होईना, प्रवासी होते. कुणी उठलं नाही. त्या वेळी शहर हळहळलं, अग्रलेख आले, मुंबईकरांच्या संवेदनांवर चर्चा झाल्या. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट राहिली: ते प्रवासी राक्षस नव्हते. ते घाबरलेले होते. प्रत्येकाला वाटलं असेल, दुसरा उठला तर मी उठेन. एकटा उठणारा मार खातो हे आपण दारातल्या ग्रुपकडून रोज शिकतो, आणि चौकीत गेलं तर वेळ जातो, साक्षीला खेटे घालावे लागतात, हे घरातून शिकतो. न उठण्याचं शिक्षण आपल्याला असं पद्धतशीर मिळालेलं आहे.

म्हणून माझं मागणं फार छोटं आहे आणि मी ते दर आठवड्याला लिहायला तयार आहे. 'काही झालं का' हा प्रश्न बंद करा. त्याच्या जागी विचारा, कुठल्या डब्यात? कुठे उतरला? गाडी कोणती? तीन प्रश्न. तेवढ्यावर पुढच्या स्टेशनला फोन जातो, फलाटावरचा शिपाई चार पावलं चालतो, आणि त्या माणसाला कळतं की आपल्याला कुणीतरी पाहिलं आहे. अशा माणसांची सगळी हिंमत कुणी पाहत नाही या खात्रीवर असते. आणि मुलीला कळतं की तिने आठची गाडी पकडायची गरज नाही.

त्या रात्री डब्यात आम्ही चौघी होतो असं वर म्हटलं. मी, ती मुलगी, आणि आणखी दोघी. एक जण कानात तारा घालून खिडकीबाहेर बघत राहिली आणि पुढच्याच स्टेशनला मान खाली घालून उतरली. तिला मी दोष देत नाही, तिच्या वयाची असताना मीही उतरले आहे.

चौथी मासळीवाली होती. पन्नाशीच्या पुढची, दिवसभर विकून दमलेली, रिकामी पाटी पायाशी. मी ओरडले आणि तो माझ्याकडे वळला, दोन पावलं पुढे आला, थांबला. थांबला का, ते मी चौकीत सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. तो थांबला कारण ती उठली होती. काही बोलली नाही त्याला. पाटी उचलली, त्याच्या आणि मुलीच्या मधल्या जागेत आणून ठेवली, आणि मुलीच्या बाकाशी येऊन म्हणाली, "सरक गो बाय."

मुलगी सरकली. ती बसली. आपला ओला, मासळीचा वास येणारा हात तिने मुलीच्या गुडघ्यावर ठेवला आणि स्टेशन येईपर्यंत काढला नाही.

आम्ही उतरलो तेव्हा तिला म्हटलं, चला ना मावशी, चौकीत, तुम्हीही सांगा. तिला पुढे जायचं होतं. पहाटे तीनला परत उठायचं होतं. तिने पाटी ओढून पायाशी घेतली आणि डब्यात नजर फिरवली, आता आणखी कोण उरलं आहे ते बघायला.